आधी मूठ, मग पातं

लेगोचा मिनिफिगर म्हणजे खेळण्यातला प्लास्टिकचा छोटा माणूस, उंचीला जेमतेम 4 सेंटिमीटर. हाताला बोटं नाहीत, नुसती अर्धवट मिटलेली गोल मूठ, आणि तिचं तोंड पुढच्या बाजूला उघडं. त्या मुठीत 3.18 मिलिमीटर जाडीची दांडी बसते आणि घट्ट राहते. हा हातपाय हलवणारा माणूस 1978 साली बाजारात आला. त्याच वर्षी कंपनीने पिवळ्या विटांचा किल्ला काढला आणि त्यातल्या शिपायांच्या हाती तलवारी, भाले दिले. आम्ही अशा माणसांच्या हातात बसतील अशी हत्यारं करतो, आणि आमचा सगळा धंदा या 3.18 मिलिमीटरवर उभा आहे.

पुण्यात नऱ्ह्याला आमचा लहानसा गाळा आहे. मी प्लास्टिक इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला, धाकटा भाऊ आयटीआयमधून टूल अँड डाय मेकर झाला. दोघंही आधी दुसऱ्यांच्या कारखान्यात नोकरीला होतो. भावाला मिनिफिगर जमवायचा नाद, आणि हाताला फाईल-कानस लागली की तो जेवण विसरतो. त्याने स्वतःच्या संग्रहासाठी युरोपातली मध्ययुगीन हत्यारं करायला घेतली: काटेरी गोळ्याचा मॉर्निंग स्टार, लांब दांड्याची युद्धकुऱ्हाड, दोन्ही हातांनी पेलायची तलवार. मूळ भाग कापायचे, घासायचे आणि नव्याने जोडायचे. कुऱ्हाडीचं पातं एका भागाचं, दांडा दुसऱ्याचा, टोक तिसऱ्याचं. त्याचे फोटो पाहून मुंबई-बेंगळुरूच्या संग्राहकांनी मागणी केली आणि संध्याकाळचा छंद हळूहळू दिवसाचं काम झाला.

कच्चा माल म्हणजे जुने सुटे भाग. 2020 मध्ये आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. नवे डबे फोडून हत्यारं करणं परवडणं शक्यच नव्हतं. मुलं मोठी झाली की घरोघरी डबाभर सुटे तुकडे पडून असतात, ते आम्ही वजनावर घेतो. तुटलेली अँटेना, एक टोक मोडलेला भाला, प्राण्याची शिंगं, झेंड्याची काठी, सगळं चालतं. अख्खा, चांगला आणि दुर्मीळ भाग हाती लागला तर तो आम्ही कापत नाही, संग्राहकाला तसाच देतो. हा नियम भावाचा आणि मला तो मनापासून पटतो.

काम दिसतं तितकं सोपं नाही. हे भाग बहुतेक एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकचे असतात. फेव्हिक्विकने ते चिकटतात, पण जोड ठिसूळ राहतो, वाकवला की कटकन सुटतो. आम्ही एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) हे द्रावक वापरतो. ते प्लास्टिक किंचित विरघळवतं आणि दोन तुकडे एकजीव होतात. त्याची वाफ घातक, म्हणून ते काम एक्झॉस्टखाली, मास्क लावूनच. जोड बारीक असेल तर आत पितळी तारेची खीळ घालतो. मग ओला पॉलिशपेपर: आधी 400 नंबरचा, मग 800, मग 1200. रंग शेवटी, आणि मुठीच्या भागावर रंग कधीच नाही. रंगाच्या दोन थरांनीही दांडीची जाडी वाढते आणि मिनिफिगरच्या हाताला तडा जातो. उलट जास्त घासली तर हत्यार हातातून गळून पडतं. गाळ्यात काम करणाऱ्या बायकांच्या टेबलावर प्रत्येकीचा स्वतःचा मायक्रोमीटर आहे. नवीन मुलगी आली की जुन्या तिला आधी एकच गोष्ट शिकवतात: पातं नंतर, मूठ आधी मोजायची.

मराठा हत्यारांकडे आम्ही वळलो ते दिवाळीमुळे. आपल्याकडे अंगणात किल्ला होतो, त्यावर अळीव पेरतात, कुंभारवाड्यातून मातीचे मावळे येतात. अलीकडे त्या किल्ल्यांवर मिनिफिगरही दिसायला लागले होते, पण हातात युरोपियन सरदाराची तलवार. एका ग्राहकाच्या मुलाने विचारलं, "ताई, दांडपट्टा नाही का?" बाजारात तो कुठेच नव्हता.

दांडपट्टा करताना मला या कामाची खरी गोडी लागली. तलवार मुठीत आडवी धरतात, म्हणजे पातं हाताच्या रेषेला काटकोनात येतं. पट्ट्याचं तसं नाही. त्याच्या लोखंडी खोबळ्यात हात कोपरापर्यंत जातो, आत एक आडवी दांडी असते ती मुठीत धरायची, आणि पातं हाताच्याच रेषेत पुढे जातं. कट्यारीचंही तेच. दोन उभ्या पट्ट्यांमधली आडवी दांडी धरायची आणि मनगट न वळवता सरळ खुपसायचं. आता मिनिफिगरचा हात आठवा: मुठीचं तोंड पुढे उघडं, आडवी दांडी त्यात समोरून खटकन बसते. आपल्या कारागिरांनी कित्येक शतकांपूर्वी घडवलेली पकड या प्लास्टिकच्या हाताला तलवारीपेक्षाही सहज जमते. केळकर संग्रहालयात कट्यारी पाहताना आम्ही दोघंही पात्यांवरच्या नक्षीकामाऐवजी मुठीच पाहत होतो.

अडचण मापाची. हा माणूस खऱ्या माणसाच्या साधारण बेचाळिसाव्या हिश्श्याचा. त्या हिशेबाने 3.18 मिलिमीटरची दांडी खऱ्या मापात 13 सेंटिमीटर जाड झाली, म्हणजे खांबच. सगळंच प्रमाणात करायला गेलं तर पातं कागदासारखं होईल आणि पहिल्याच खेळात मोडेल. म्हणून आम्ही ठरवलं की लांबी खरी ठेवायची, जाडी वाढवायची, आणि हत्यार ज्यावरून ओळखलं जातं ती गोष्ट सोडायची नाही. पट्ट्याचं पातं अडीच-तीन सेंटिमीटर लांब. खोबळा शंकूच्या आकाराचा भाग आतून पोखरून केलेला. फिरंगीचं पातं सरळ, कारण ती पाती युरोपातून यायची आणि मूठ इथे चढायची. तलवारीला परज, म्हणजे मुठीवरचा हात वाचवणारा भाग, हवीच, मग ती कितीही बारीक होवो. वाघनखांना बोटांच्या अंगठ्या देता येत नाहीत, बोटंच नाहीत, म्हणून आडव्या दांडीला नुसत्या नख्या लावल्या. विट्याला मात्र खरी दोरी आहे. फेकून मनगटाच्या दोरीने परत ओढायचं हे हत्यार दोरीशिवाय साधा भाला होतं.

खप वाढला तसं प्रत्येक नग कापून-जोडून करणं अशक्य झालं. आधी सिलिकॉनच्या साच्यात रेझिन ओतून प्रती काढल्या. दिसायला सुरेख, पण पातळ पट्टा त्यात टिकत नाही. मग भावाने ॲल्युमिनियमचा डाय, म्हणजे धातूचा साचा केला आणि हँड मोल्डिंग मशीन घेतली. कडक पोलादाचा डाय आणि मोठं मशीन म्हणजे लाखांचा खेळ. आमच्या संख्येला तो लागत नाही. एबीएस थंड होताना अर्ध्या टक्क्याच्या आसपास आकसतं, तेवढं धरूनच डायचं माप काढावं लागतं. आणि प्लास्टिकचे दाणे आधी नीट वाळवले नाहीत तर पात्यावर चंदेरी रेघा उठतात. आज पट्टा, कट्यार, फिरंग आणि ढाल साच्यातून निघतात. बाकी सगळं अजून हातानेच.

कायद्याची बाजू नव्या मंडळींनी नीट समजून घ्यावी, म्हणून सांगते. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. दिवाळीच्या किल्ल्यासाठी आम्ही करतो तो मराठा हत्यारांचा संच त्या परवान्याखाली येतो. त्यासाठी आयएस 9873 प्रमाणे चाचणी होते, त्यात टोकं आणि कडाही तपासतात. म्हणून संचातल्या भाल्यांची टोकं गोलसर आहेत, आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती हे द्यायचंच नाही, गिळलं जाण्याइतकं लहान आहे. हाताने केलेले, धारदार दिसणारे नग फक्त मोठ्या संग्राहकांना. मिनिफिगरचा आकार युरोपात ट्रेडमार्क आहे आणि 2015 मध्ये तिथल्या न्यायालयाने तो कायमही ठेवला. तेव्हा आम्ही माणसं करत नाही, फक्त हत्यारं. पाकिटावर त्या कंपनीचं बोधचिन्ह नाही, आणि आमचा तिच्याशी संबंध नाही हे स्पष्ट छापलेलं असतं.

2024 च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात प्रदर्शनाला आली आणि आमच्याकडे वाघनखांची रीघ लागली. आनंदच झाला. पण "हीच ती महाराजांची" असं पाकिटावर छापा, असा आग्रह काही दुकानदारांनी धरला तेव्हा नकार दिला. ते संग्रहालयही तसं ठामपणे म्हणत नाही. भवानी तलवारीचंही तसंच. मूळ तलवार कोणती यावर वाद आहे, त्यामुळे आमच्या पाकिटावर "फिरंग" एवढंच असतं. लहान मुलं या पाकिटावरचं वाचून इतिहास मनात पक्का करतात, तिथे अंदाज छापणं मला मान्य नाही. त्या दुकानांची मागणी गेली तरी चालेल.

2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले, त्यात तमिळनाडूतली जिंजीही आहे. त्यानंतरच्या दिवाळीत परदेशातल्या मराठी घरांतून संचाबरोबर किल्ल्यांचे फोटो यायला लागले. कुणी बाल्कनीत प्रतापगड केला, कुणी जेवणाच्या टेबलावर राजगडाची संजीवनी माची. फोटो पाहून गाळ्यातल्या बायका पट्टा कुठल्या हातात दिलाय ते आधी बघतात.

सध्या भाऊ तिरकमठ्यावर काम करतोय. कमान एका मुठीत सहज बसते, अडचण प्रत्यंचेची. दोरा लावला तर सैल पडतो, प्लास्टिकची केली तर जाड दिसते. नायलॉनची मासेमारीची तंगूस ताणून दोन्ही टोकांना वितळवून बसवायचा प्रयोग चालू आहे. जमला तर येत्या दसऱ्याला भात्यासकट संचात येईल.