आमची वाटचाल : ट्रॉल्या, काटे आणि पन्नास टेस्टकेसेस

कोल्हापुरात बसून देशपातळीवरची प्रोग्रॅमिंग स्पर्धा भरवायची म्हटलं की पहिली चर्चा हॉल, फ्लेक्स, टी-शर्ट आणि प्रमुख पाहुण्यांची होते. आमच्याकडेही तीच झाली. बारा माणसांची आमची सॉफ्टवेअर कंपनी, कामं बहुतेक साखर कारखान्यांची, पतसंस्थांची आणि फौंड्रीवाल्यांची. इथल्या डेव्हलपरना पुण्या-बेंगळुरूच्या पोरांशेजारी बसून तोच प्रश्न सोडवता यावा, एवढाच हेतू. आज आमच्या खर्चाच्या तक्त्यात पहिली ओळ हॉलची नसते, प्रश्नांची असते. वाटचाल म्हणायची तर एवढीच, मांडवाकडून टेस्ट डेटाकडे, म्हणजे स्पर्धकाचा प्रोग्रॅम तपासायला वापरतो त्या इनपुट फायलींकडे.

साचा आम्ही आयसीपीसी या कॉलेजांच्या आंतरराष्ट्रीय प्रोग्रॅमिंग स्पर्धेचा घेतला. तिथे तिघांची टीम, एक कॉम्प्युटर आणि पाच तास असतात. आम्ही टीम काढून टाकली, कारण नोकरी करणाऱ्या माणसाला तिघांची सुट्टी जुळवणं अवघड जातं. बाकी नियम तेच: अर्धवट उत्तराला गुण नाहीत, जास्त प्रश्न सोडवील तो वर, बरोबरी झाली तर कमी वेळ लागला तो वर. वेळ मोजताना सुटलेल्या प्रत्येक प्रश्नाची सुरुवातीपासूनची मिनिटं धरायची आणि त्या प्रश्नावर फुकट गेलेल्या प्रत्येक सबमिशनचा, म्हणजे तपासायला पाठवलेल्या प्रोग्रॅमचा, २० मिनिटं दंड जोडायचा. शेवटच्या तासात गुणफलक गोठवायचा. अंतिम फेरीला ६० जण आणि ९ प्रश्न, हे प्रमाण आमच्या आवाक्यातलं.

९ प्रश्नांसाठी किमान २० प्रश्न जमवावे लागतात आणि सोळा आठवडे आधी सुरुवात करावी लागते. निम्मे प्रश्न गळतात. काही आधी कुठेतरी येऊन गेलेले निघतात, काहींचं अपेक्षेपेक्षा सोपं उत्तर सापडतं, काही वाचूनच डोकं दुखतं. प्रश्न लिहिणारा एक आणि उत्तर न बघता तो सोडवणारा दुसरा, हे पथ्य मोडायचं नाही. प्रत्येक प्रश्नासोबत किमान पाच प्रोग्रॅम हवेत: सी++, जावा आणि पायथनमधला प्रत्येकी एक बरोबर, एक मुद्दाम हळू आणि एक मुद्दाम चुकीचा. शेवटचे दोन सर्वांत महत्त्वाचे आणि नेमके तेच लिहायला सगळे टाळाटाळ करतात.

एक प्रश्न जवळून बघू. कारखान्याच्या गेटवर ऊसाच्या ट्रॉल्यांची रांग आहे, प्रत्येकीचं वजन दिलंय. वजनकाटे आहेत ‘के’ इतके. रांग न मोडता ट्रॉल्यांचे सलग गट पाडायचे, एका काट्याला जास्तीत जास्त एक गट. सर्वांत जास्त भार ज्या काट्यावर येईल, तो भार कमीत कमी किती करता येईल? ट्रॉल्या २ लाखांपर्यंत, वजन १०० कोटींपर्यंत. एवढी ट्रॉली महाराष्ट्रातल्या कुठल्याच गेटवर येत नाही, पण मर्यादा मुद्दाम तशी ठेवलीय. २ लाख गुणिले १०० कोटी म्हणजे २०० लाख कोटी. ३२ बिटांच्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे काही मावत नाही. मोठ्या आकड्यांसाठीचा ‘लाँग’ प्रकार न वापरणारा इथे पडायलाच हवा.

बरोबर रीत म्हणजे उत्तरावर बायनरी सर्च, दर फेरीला निम्म्या शक्यता बाद करत जाणारा शोध: एक भार धरायचा, रांगेवरून एकदा फिरून किती काटे लागतात ते मोजायचं, जमलं तर भार कमी करायचा. यातली नेहमीची चूक म्हणजे शोध शून्यापासून सुरू करायचा आणि एकटी ट्रॉलीच धरलेल्या भारापेक्षा जड आहे का, हे तपासायचंच नाही. वजनं ५, १, १ आणि काटे ३ घ्या. खरं उत्तर ५. चुकीचा प्रोग्रॅम भार २ धरतो, पहिल्याच ट्रॉलीला मावत नाही म्हणून पुढच्या काट्यावर जातो आणि तिथे तिला मुकाट्याने ठेवून देतो. उरलेल्या दोघी तिसऱ्या काट्यावर. काटे झाले ३, उत्तर छापलं २.

आता हजार-हजार ट्रॉल्यांच्या पन्नास फायली रँडम वजनांनी भरा आणि काटे दहा-वीस ठेवा. हा चुकीचा प्रोग्रॅम पन्नासच्या पन्नास फायली पास होतो, कारण अशा डेटात उत्तर नेहमी सर्वांत जड ट्रॉलीपेक्षा कितीतरी मोठं असतं. म्हणून रँडम फायली दहाच्या वर नकोत. बाकीच्या हाताने ठरवायच्या: एकच ट्रॉली, एकच काटा, जेवढ्या ट्रॉल्या तेवढे काटे, सगळी वजनं सारखी, सगळी १०० कोटी, एकच जड ट्रॉली रांगेच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. ५, १, १ ही तीन आकड्यांची फाईल २ लाखांच्या फायलीपेक्षा जास्त काम करते.

टाइम लिमिट, म्हणजे एका फाईलसाठी प्रोग्रॅमला द्यायचा जास्तीत जास्त वेळ, अंदाजाने ठरवू नये. या प्रश्नात बायनरी सर्चच्या ४८ फेऱ्या होतात, म्हणजे साधारण १ कोटी पावलं. सी++ ला ती किरकोळ, पायथनला सेकंदभर लागतो. दोन लूप एकात एक घालणाऱ्याला ४,००० कोटी पावलं लागतात. सेकंदाला १० कोटींचा ढोबळ हिशेब धरला तर ४०० सेकंद. मधे जागा मोप आहे, तेव्हा ३ सेकंद ठेवले की पायथनवाला सुटतो आणि हळू रीत अडते. आमचा नियम असा की सर्वांत हळू बरोबर प्रोग्रॅमला लागलेल्या वेळाच्या किमान दुप्पट. दोन रीतींत जेमतेम दुपटीचा फरक असेल तर त्यांना वेगळं काढायचा हट्ट धरू नये, त्यात भाषेचा पक्षपात तेवढा होतो.

डेटा फायलींत आणखी एक बारीक खोड असते, ओळीच्या शेवटी राहिलेली स्पेस. सी++ ती गिळून टाकतं, मजकुराचा आकडा करणारा पायथनचा इंटही चालवून घेतो; त्याच कामाचा जावाचा पार्सइंट मात्र एक्सेप्शन फेकतो, म्हणजे प्रोग्रॅम मध्येच बंद पडतो. फलकावर मग फक्त जावावाल्यांच्या नावापुढे रनटाइम एरर दिसायला लागते आणि बिचारे अर्धा तास स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतात. यासाठी व्हॅलिडेटर लिहायचा. इनपुट कबूल केल्याबरहुकूम आहे की नाही, हे तो अक्षरन् अक्षर तपासतो. कोडफोर्सेस या स्पर्धांच्या वेबसाइटच्या पॉलिगॉन या प्रश्न बनवायच्या साधनावर प्रश्न तयार केला आणि टेस्टलिब ही तयार कोडची लायब्ररी वापरली, तर हे काम वीस ओळींत होतं.

तपासणीला आम्ही डॉमजज ही प्रणाली वापरतो, ती मुक्त स्रोत आहे आणि आयसीपीसीच्या फेऱ्यांना जगभर चालते. वेब सर्व्हर वेगळा, तपासणारी जज मशिन्स वेगळी. किती लागतील याचा हिशेब सोपा आहे. ५० फायली, सरासरी ०.४ सेकंद, म्हणजे एका बरोबर सबमिशनला २० सेकंद. शेवटच्या पाच मिनिटांत ६० सबमिशन आली तर १,२०० सेकंदांचं काम. चार जज असतील तर पाच मिनिटांत रांग संपते. अंतिम फेरीआधीच्या ऑनलाइन फेरीत पहिल्या पंधरा मिनिटांत ६०० आली तर १२,००० सेकंद, म्हणजे चौदा जज. पहिल्या चुकीच्या फाईलवर तपासणी थांबेल अशी सेटिंग ठेवायची आणि फायलींच्या क्रमात छोट्या पण खोचक फायली आधी लावायच्या, बराच भार हलका होतो.

क्लाउडवर स्वस्तातली बर्स्टेबल मशिन्स जज म्हणून घेऊ नयेत. त्यांना प्रोसेसरचं क्रेडिट मिळतं, ते संपलं की वेग पडतो आणि सकाळी पास झालेला कोड दुपारी टाइम लिमिटमध्ये अडकतो. आपल्या मशिनवरही हायपरथ्रेडिंग आणि टर्बो या प्रोसेसरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या सोयी बंद, एका कोअरवर एकच सबमिशन. तोच प्रोग्रॅम वीस वेळा चालवून बघायचा. वेळेत दहा टक्क्यांहून जास्त हेलकावा दिसला तर मशिन बाद.

हॉलमध्ये ६० जणांसाठी ६४ कॉम्प्युटर, सगळे एकाच इमेजवरून क्लोन केलेले. लिनक्स, दोन-तीन एडिटर, भाषांचं ऑफलाइन डॉक्युमेंटेशन. यूएसबी बंद आणि जज सर्व्हर सोडून कुठेच वाट नाही. वायफाय नाही, केबलच. मॉनिटरसकट एका कॉम्प्युटरचे १२० वॉट धरले तर ७.७ किलोवॉट होतात. १० केव्हीएचे दोन ऑनलाइन यूपीएस आणि मागे जनरेटर. एसी वेगळ्या लाइनवर. हे सगळं सगळे करतात आणि नेटवर्कचा स्विच भिंतीवरच्या साध्या सॉकेटमध्ये ठेवतात. लाइट गेली की ६४ कॉम्प्युटर चालू आणि सबमिशन शून्य! २४ पोर्टचे तीन स्विच लागतात, तिन्ही यूपीएसवर हवेत.

आदल्या दिवशी तासाभराची सराव फेरी घेतो. तिथे प्रत्येकाकडून एक कंपाइल एरर, एक टाइम लिमिट आणि एक शंका मुद्दाम पाठवून घ्यायची. कीबोर्डचं अडकलेलं बटण तिथेच सापडतं. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने येणारे सकाळी उतरतात, त्यांना आदल्या दिवशीच बोलवायचं. पाच तासांत टेबलावर केळी, बिस्किटं, पाणी. मिसळ स्पर्धा संपल्यावर.

प्रश्नांची भाषा इंग्रजी, शेजारी मराठी आणि हिंदी. भाषांतरात शब्द ठरवून घ्यावे लागतात. ‘सलग गट’ आणि ‘कोणताही गट’ यांत घोळ झाला तर प्रश्नच बदलतो, म्हणून मराठी मजकूर वाचून कुणीतरी तो प्रश्न सोडवलेला असायला हवा. शंकेचं उत्तर एकट्याला दिलं आणि त्यात नवी माहिती असली, तर ते सगळ्यांना जाहीर करायचं. डेटात चूक सापडलीच तर लपवायची नाही: फाईल दुरुस्त करायची, त्या प्रश्नाची सगळी सबमिशन पुन्हा तपासायची, निकाल बदलले ते जाहीर करायचं. त्या प्रश्नामुळे बऱ्याच जणांचा वेळ गेला असेल तर स्पर्धेची वेळ वाढवण्यापेक्षा प्रश्न रद्द करणं बरं.

ऑनलाइन फेरीवर आता आमचा फारसा भरवसा नाही. स्टॅनफर्डचं मॉस हे कोड जुळवून बघणारं साधन एकमेकांचा उतरवलेला कोड पकडतं, व्हेरिएबलची नावं बदलली तरी पकडतं. पण एआयकडून लिहून घेतलेला कोड त्याला ओळखता येत नाही. म्हणून ती फेरी फक्त चाळणी. तिच्या क्रमांकाला बक्षीस नाही, प्रमाणपत्रही नाही. लबाडीचं कारणच काढून घेतलं की बरीचशी लबाडी आपोआप आटते.

पैशांचं थोडक्यात. प्रायोजक आश्वासन जूनमध्ये देतात आणि रक्कम स्पर्धेनंतर. हॉलवाल्याला आगाऊ हवी असते. मधली फट आपल्या खिशातून भरायची तयारी नसेल तर आकार लहान ठेवा. बक्षीस १०,००० च्या वर गेलं की आमचे सीए ३० टक्के करकपात करायला लावतात. ती रक्कम नियमावलीत आधीच लिहा, नाहीतर मंचावर मोठा चेक घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी फोन करतो. लॅपटॉपसारखी वस्तू दिली तरी कर भरल्याशिवाय हातात देता येत नाही. पॅन आणि बँक तपशील नोंदणीतच घ्यावेत.

संध्याकाळी निकालासोबत सगळ्या टेस्ट फायली, आमचे प्रोग्रॅम आणि प्रत्येक प्रश्नाची उकल खुली करतो. जज सर्व्हर आणखी आठ दिवस चालू असतो, न सुटलेले प्रश्न घरून सोडवायला. त्या आठ दिवसांचं भाडं बजेटात बक्षिसांच्या वरच्या ओळीत असतं.