तीन नंबरची जागा

पहाटे पाच चाळीसला फोन थरथरला. ऑक्टोबरातला शनिवार, बाहेर मिट्ट काळोख. मेसेज आमच्या बँडमधल्या तीन नंबरच्या ड्रमवाल्या पोराचा होता. "मिस्टर के, सॉरी. उद्यापासून पाऊस लागतोय. दादाचा हात प्लॅस्टरमध्ये आहे. सोयाबीन आजच काढायचंय, ग्रेन कार्ट, ती धान्य वाहायची गाडी, मला चालवावी लागणार. आज जमणार नाही."

आधी मनातल्या मनात एक अस्सल पुणेरी शिवी हासडली. मग आठवलं, लातूरकडे माझ्या मामाचंही सोयाबीनच. काढणीच्या तोंडावर आभाळ भरून आलं की त्या घरात जेवताना कुणी बोलत नसे. म्हणून उत्तर एवढंच लिहिलं, "ठीक आहे. सांभाळून चालव."

ठीक काहीच नव्हतं. सात वाजता बस निघणार होती आणि दुपारी एक दहाला आम्हाला स्पर्धेसाठी मैदानात उतरायचं होतं.

मी अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या एका लहान गावाच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. आडनाव कुणाला झेपत नाही, म्हणून मिस्टर के. शाळेचा मार्चिंग बँड, म्हणजे मैदानावर चालत वाजवणारा, २७ मुलांचा. तो चालवतात आमच्या संगीताच्या बाई. शाळा सुटल्यावर ड्रमवाल्या आठ मुलांना मी बघतो. त्याचं मानधन मिळतं, पेट्रोलपाणी सुटतं. इथे स्पर्धेत शाळांचे गट पटसंख्येवरून पडतात, अ ते ड. आम्ही अर्थातच ड. आमच्या गावाच्या चारी बाजूंना मका आणि सोयाबीन आहे आणि मुलं त्या मानाने कमी.

या भानगडीत मी पडलो तो ताशामुळे. पुण्यात सहा वर्षं पथकात ताशा वाजवला. जुलै-ऑगस्टात नदीपात्रात सराव आणि विसर्जनाला लक्ष्मी रोड. २०११ साली इकडे शिकायला आलो आणि पुढच्या ऑगस्टात एका मित्राने ड्रम कोरच्या फायनल्सला नेलं. ड्रम कोर म्हणजे मुख्यतः पितळी वाद्यं, ड्रम आणि झेंडे-रायफली फिरवणारी कलर गार्ड. क्लॅरिनेट-सॅक्सोफोनला तिथे प्रवेश नाही. माजी सैनिकांच्या संघटनांनी जुन्या काळी गावोगावी अशी पथकं उभी केली. १९७२ पासून ड्रम कोर इंटरनॅशनल त्यांची अजिंक्यपद स्पर्धा भरवते आणि २००९ पासून अंतिम फेरी बहुतेक इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होत आलीय. मोठ्या पथकात दीडशेच्या आसपास पोरं, एकविशीपर्यंतची. उन्हाळाभर बसने हिंडायचं, शाळांच्या जिममध्ये फरशीवर झोपायचं, दिवस दिवस उन्हात सराव करायचा. आणि यासाठी त्यांना कुणी पैसे देत नाही, उलट तेच भरतात. हे ऐकून माझी आई फोनवर म्हणाली होती, "म्हणजे पथकच की रे."

स्टेडियमच्या आत जाईपर्यंत मी कामातून गेलेलो होतो. शौकीन लोक आधी पार्किंग लॉटमध्ये जातात, कारण तिथे ड्रमवाले हात गरम करत असतात आणि अगदी हातभरावर उभं राहून ऐकता येतं. आमच्याकडे पन्नास ताशे वाजतात तेव्हा पत्र्यावर पाऊस कोसळल्यासारखं वाटतं. इथे नऊ स्नेअर, म्हणजे ताशासारखे कडक आवाजाचे ड्रम, वाजत होते आणि डोळे मिटले की एकच वाजत होता. मी तिथे तोंड उघडं टाकून उभा. त्यानंतर जवळजवळ दर ऑगस्टला जातो. २००८ सालच्या फायनलमध्ये फँटम रेजिमेंट या पथकाने ब्लू डेव्हिल्स या पथकाला ९८.१२५ विरुद्ध ९८.१०० असं हरवलं, हे मी दरवर्षी दशांश अपूर्णांक शिकवताना फळ्यावर लिहितो. मुलांना वाटतं सरांचा एक स्क्रू ढिला आहे. बाई तर म्हणतातच तसं.

तर तीन नंबर. आमच्याकडे बेस ड्रम चार. एक नंबर सगळ्यात लहान, वरच्या आवाजाचा. चार नंबर सगळ्यात मोठा, पोटात घुमणारा. प्रत्येकाच्या वाट्याला एकच स्वर. चौघांनी मिळून एक ओळ वाजवायची, एकेका घावाची वाटणी करून. याला स्प्लिट म्हणतात. एका वाक्यातले शब्द चौघांनी वाटून घ्यायचे आणि ऐकणाऱ्याला मात्र एकच माणूस बोलतोय असं वाटलं पाहिजे. आमच्या शोच्या मध्यावर असा दहा सेकंदांचा एक तुकडा होता. तो मी लिहिलेला. लिहिला म्हणजे काय, मोठ्या पथकांच्या व्हिडिओंची पारायणं केलेल्या माणसाच्या हातून जे उतरतं तेच उतरलं होतं. बाईंनी जूनमध्येच कागद बघून विचारलं होतं, "हे आपल्या मुलांसाठी आहे ना?" मी म्हटलं होतं, जमेल. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. जमायचं ते तीनदा वाजवल्यावर एकदा. त्यातही तीन नंबर नेमका एका जागी उशिरा पडायचा.

बसमध्ये मी बाईंना बातमी दिली. त्यांनी थर्मासचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "जागा मोकळी ठेवायची. कुणीही सरकायचं नाही."

पथकात वाढलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. लक्ष्मी रोडवर कुणी दमला की मागचा पुढे येतो, कमरेचा ढोल एकाचा सुटतो, दुसऱ्याला बांधला जातो आणि ठोका चुकत नाही. इथे प्रत्येक पोराला त्याचा पत्ता असतो. पस्तीस यार्डाच्या रेषेच्या दोन पावलं बाहेर, पुढच्या हॅशच्या (मैदानावरच्या आडव्या खुणांच्या ओळीच्या) सहा पावलं मागे, असा. असे पाच-सहा डझन पत्ते एका शोमध्ये. पाच यार्डांत आठ पावलं बसवायची, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. (तिरकं जायचं असेल तर पायथागोरस. माझा वर्ग यावर दोन आठवडे चालतो.) ऐन दिवशी एकाला सरकवला तर त्याच्यामुळे दुसरा, दुसऱ्यामुळे ट्रम्पेटवाली, आणि मध्यावर कुणाचं तरी डोकं फुटणार. त्यापेक्षा मोकळी जागा परवडली.

जागेचं ठरलं. तुकड्याचं काय?

पार्किंग लॉटमध्ये आम्ही दहाला उभे राहिलो. गवतावर दव गोठलेलं, पोरांच्या नाकातून वाफ. मेट्रोनोम, म्हणजे ठोके मोजून देणारं यंत्र, स्पीकरला जोडला आणि म्हटलं, आहे तसं वाजवा बरं एकदा. तिघांनी वाजवलं. दुधाचे दात पडलेलं पोर बोलतं तसं ऐकू आलं.

मग मी शहाणपणा केला. तीनचे घाव दोन आणि चारला वाटून दिले. कागदावर ते सुरेख दिसत होतं. दोन नंबर म्हणजे नववीतली मुलगी, अंगापेक्षा ड्रम मोठा. समोरून पाहिलं तर कपाळ आणि टोपी, बस. दोन महिने ती स्वतःचे घाव घोकत होती. आता त्यांच्या मधोमध मी तिला परके घाव कोंबायला सांगत होतो. पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा चुकली. मी मेट्रोनोम हळू केला. मग चार नंबर चुकायला लागला, जो कधी चुकत नसे. पाऊण तास असा गेला. शेजारच्या ओळीत दुसऱ्या शाळेचे नऊ स्नेअर आरशासारखे चकचकीत वाजत होते, आणि खरं सांगायचं तर माझा अर्धा कान तिकडेच होता. सातव्या की आठव्या वेळी मी आवाज चढवला. "मोजा! नुसतं मोजायचंय!"

दोन नंबरचं कपाळ ड्रममागे खाली गेलं. खांदे हलताना दिसले.

मी पाणी प्यायला सांगितलं. दुसरं काही सुचत नव्हतं.

आमची टेनर वाजवणारी बारावीतली मुलगी आहे. टेनर म्हणजे कमरेसमोर चार-पाच ड्रमांचा घोसच, लहानमोठ्या आवाजांचा, एकाच माणसाने वाजवायचा. ही पोर फारशी बोलत नाही. हिवाळ्यात एका ड्रम कोरच्या निवड शिबिराला जायचं तिच्या डोक्यात आहे, हे मला ठाऊक होतं. दोघेही त्याच रोगाचे रोगी. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मिस्टर के, तो तुकडा मला येतो."

"कुठला?"

"बेसचा. चौघांचा. मी घरी वाजवते. गंमत म्हणून."

आणि तिने वाजवला. चार बेसचे चार स्वर तिच्या चार ड्रमांवर, एकटीने. फार स्वच्छ नाही, एका ठिकाणी काडी कडेवर टिचकली. पण वाक्य पुरं झालं.

तिच्या काड्या थांबल्यावर मला हसू आलं. ती ताशा झाली होती. मग बेस काय करणार? ढोल जे करतो ते. सहा वर्षं नदीपात्रात धूळ खात मी जे केलं त्याची आठवण मला इंडियानातल्या पार्किंग लॉटमध्ये एका शांत पोरीने करून द्यावी लागली.

मी तिघा बेसवाल्यांना म्हटलं, "तुमचा तुकडा गेला. तुम्ही फक्त ठोका द्यायचा. एक, दोन, तीन, चार. तिघांनी एकदम."

"एवढंच?" चार नंबर म्हणाला. त्याला यात काहीतरी डाव आहे असं वाटत होतं.

"एवढंच."

एवढंच नव्हतं ते. पहिल्यांदा वाजवलं तर तिघांचे तीन ठोके पडले. स्प्लिटच्या गर्दीत हे इतके दिवस झाकलेलं होतं. मी मेट्रोनोम बंद केला, तिघांना खांद्याला खांदा लावून उभं केलं आणि नुसते पाय आपटायला लावले, ड्रमशिवाय. मग टाळ्या. मग ड्रम. वीस-पंचवीस मिनिटांनी तिघांचा एक ठोका पडला आणि शेजारून जाणारा कुणाचा तरी बाप कॉफीचा कप हातात धरून थांबला. दोन नंबरने ड्रमवरून मान उंचावून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. माफी मागायला हवी होती; ती मी सोमवारी मागितली.

मैदानावरचं फार सांगण्यासारखं नाही. आमचा शो सात मिनिटांचा. मैदानाच्या पुढे एका जागी ठेवून वाजवायची मरिंबा, ती लाकडी पट्ट्यांची मोठी वाद्यगाडी, ढकलत आत न्यायला मी होतोच, मग बाजूच्या रेषेवर उभा राहिलो. दोन आणि चारच्या मधली मोकळी जागा इतकी ठळक दिसत होती की जणू तिथे कुणीतरी उभं आहे आणि आपल्यालाच दिसत नाहीये. ड्रिलमध्ये, म्हणजे आखून दिलेल्या चालीत, ती जागाही सगळ्यांबरोबर चालत होती, वळत होती. तुकडा आला. टेनरवाली सुटली, खाली तिघांचा ठोका. दोन नंबरचा चेहरा मला दिसत नव्हता, पण तिच्या डाव्या हातातला गोळा नेमका वेळेवर फिरत होता. मी श्वास सोडला तेव्हा ट्रम्पेट सुरू झाले होते.

सात शाळांत आम्ही पाचवे आलो. एरवीही तेच आलो असतो.

परतीच्या बसमध्ये मी परीक्षकांची रेकॉर्डिंग ऐकली. इथे परीक्षक शो चालू असतानाच बोलत जातो आणि ते नंतर शाळेला मिळतं. ड्रमांचे परीक्षक मैदानावर पोरांच्या मागेमागे फिरत होते. मोकळ्या जागेबद्दल ते दोनदा बोलले. मग तो तुकडा आला, मी आवाज वाढवला. ते काहीच बोलले नाहीत. पावलांचा आवाज, श्वास, मागे आमचा ठोका. तुकडा संपल्यावर स्नेअरच्या काड्यांची उंची एकसारखी नाही असं म्हणाले, आणि ते खरंच होतं. ज्या दहा सेकंदांसाठी मी ऑगस्टपासून पोरांचा जीव खाल्ला, तिथे काहीतरी दुसरंच वाजलंय हे त्यांना कळायचं काही कारणच नव्हतं. मी शेजारी बाईंकडे पाहिलं. त्या झोपल्या होत्या, किंवा तसं दाखवत होत्या.

आठ वाजता आम्ही शाळेच्या आवारात ट्रक उतरवत होतो. एक पिकअप आली. तीन नंबर उतरला, तसाच शेतावरून. टोपीवर, भुवयांवर सोयाबीनचा भुसा, अंगाला डिझेलचा वास. न बोलता मरिंबाची एक बाजू त्याने उचलली.

"झालं काढून?" मी विचारलं.

"थोडं राहिलंय. बाबा रात्री संपवतील." मग थोड्या वेळाने, "माझं कुणी वाजवलं?"

टेनरवालीने हात वर केला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग आता मी काय वाजवू?"

मला उत्तर देता आलं नाही. दोन नंबर ट्रकमध्ये चढली आणि त्याचा ड्रम ओढत पुढे घेऊन आली. "आधी आपलं जुनं एकदा," ती म्हणाली. चौघं पार्किंगमधल्या दिव्याखाली ओळीत उभी राहिली. तीन नंबरचे बूट चिखलाने जड झालेले. एक नंबरने काड्या आपटून चार मोजले.

तीन नंबर नेहमीच्याच जागी, नेहमीइतकाच उशिरा पडला.