मार्चअखेरची रांग

डेट्रॉईट शहरातल्या एका लहान, ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या न्यूजरूममध्ये मी डेटाचे काम पाहते. आमचे वाचक बहुतांशी कृष्णवर्णीय आहेत, कारण शहरच तसे आहे. २०२० च्या जनगणनेत येथील सुमारे ६ लाख ३९ हजार रहिवाशांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते. आमचा छापील अंक निघत नाही. लेख संकेतस्थळावर येतात, पण कामाचा गाभा फोनवरच्या संदेशांत आहे. एखादा रहिवासी आपल्या घराचा पत्ता पाठवतो आणि त्या घरावर किती कर थकला आहे, ते कागदोपत्री कोणाच्या नावावर आहे, जप्तीच्या यादीत आहे की नाही, हे आम्ही त्याला कळवतो. ही पद्धत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. डेट्रॉईटच्याच आउटलायर मीडिया या संस्थेने सारा अल्वारेझ यांच्या पुढाकाराने २०१६ पासून ती रुळवली आणि तिच्याकडून इतरांनी घेतली. वर्षभर हे काम संथपणे चालते, परंतु मार्चच्या शेवटच्या आठवड्यात संदेशांचा असा ओघ लागतो की बाकीची सारी कामे बाजूला पडतात.

मिशिगन राज्यात मालमत्ता कर तीन वर्षे थकला की ३१ मार्चनंतर घर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाच्या, मालकीचे होऊ शकते, आणि त्याआधीच्या वर्षभरात थकबाकीवर वर्षाला १८ टक्के दराने व्याज चढत असते. पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लिलाव होतो. त्याच्या दुसऱ्या फेरीत ५०० डॉलरच्या बोलीपासून घरे विकली गेली आहेत. मिशिगनच्या राज्यघटनेनुसार घराची करपात्र आकारणी बाजारभावाच्या निम्म्याहून अधिक असता कामा नये. मंदीनंतर भाव कोसळले, पण महापालिकेने आकारणी त्या प्रमाणात उतरवली नाही, आणि २०१० ते २०१६ या काळात डेट्रॉईटच्या घरमालकांकडून किमान ६० कोटी डॉलर जादा आकारले गेले, असे ‘द डेट्रॉईट न्यूज’ने २०२० मध्ये हिशेब मांडून दाखवले. थकबाकीदार ठरवून ज्यांची घरे गेली, त्यांतल्या अनेकांवर मुळात लावलेला करच अवाजवी होता. आमच्या यादीतली प्रत्येक ओळ मी हे लक्षात ठेवून वाचते.

आम्ही मोजकीच माणसे आहोत. संपादिका याच शहरात जन्मल्या आणि एका मोठ्या दैनिकात त्यांनी अनेक वर्षे काढली. फोन आणि संदेश सांभाळणारे आमचे ज्येष्ठ सहकारी निवृत्त बसचालक आहेत. पत्रकारितेची पदवी त्यांच्याकडे नाही, मात्र ग्रॅशिअट अव्हेन्यूवरच्या कोणत्या थांब्यावर कोणत्या चर्चमधली माणसे चढत असत हे त्यांना पाठ आहे. एक तरुण बातमीदार नुकताच विद्यापीठातून आलेला. आणि मी, मूळची सोलापूरची, मोटारींच्या सुट्या भागांच्या कंपनीसाठी संगणकप्रणाली लिहायला म्हणून मिशिगनमध्ये आलेली. आमची मराठी मंडळी बहुतेक नोव्हाय, ट्रॉय अशा उपनगरांत राहतात आणि एट माईल रोड ही शहराची उत्तर सीमा ओलांडून शहरात येतात ती सामना किंवा कार्यक्रम पाहण्यापुरती. मीही पुष्कळ काळ तशीच होते.

आमच्या संपादिका नव्या माणसाला केर्नर आयोगाच्या १९६८ च्या अहवालातले वृत्तपत्रांवरचे प्रकरण वाचायला देतात. १९६७ च्या जुलैमध्ये डेट्रॉईट पेटले, ४३ माणसे मेली, आणि त्या वर्षीच्या उद्रेकांची कारणे शोधणाऱ्या या सरकारी आयोगाने इतर ठपक्यांबरोबर हेही नोंदवले की अमेरिकेतली वृत्तमाध्यमे गोऱ्या माणसाच्या नजरेने जग पाहतात आणि कृष्णवर्णीयांचे रोजचे जगणे त्यांत उमटतच नाही. ‘फ्रीडम्स जर्नल’ या अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय वृत्तपत्राने १८२७ मध्येच, आमची बाजू आम्हालाच मांडायची आहे, फार दिवस इतरच आमच्या वतीने बोलत आले, असे म्हटले होते. हे वाचताना मला १९२० चा ‘मूकनायक’ आठवला आणि मी संपादिकांना त्याविषयी सांगितले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते हे त्यांना माझ्याआधीच ठाऊक असल्याचे कळले.

त्या दिवशी सकाळी आलेल्या संदेशात एवढेच होते: पूर्व भागातल्या एका घराचा पत्ता, आणि ‘दारावर पिवळी पिशवी लावून गेलेत, हे काय आहे?’ असा प्रश्न. काउंटी जप्तीच्या नोटिसा पिवळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराला अडकवते, त्यामुळे पिशवीचा रंग कळला की पुढचे बहुतेक कळते. मी पत्ता शोधला. तीन वर्षांचा कर थकलेला होता आणि मालक म्हणून एका कंपनीचे नाव होते. आमच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे ‘आपण भाडेकरू आहात का?’ असे विचारले, तर उत्तर आले, ‘नाही. हे माझे घर आहे.’

मग बसचालक काकांनी फोन केला. (मी त्यांना मनातल्या मनात काकाच म्हणते, समोर अर्थातच नावाने हाक मारते.) सत्तरीच्या पुढच्या त्या बाई कित्येक वर्षे दरमहा हप्ता भरत होत्या, आणि त्या हप्त्यातच कर आला, असे विकणाऱ्याने त्यांना तोंडी सांगितले होते. त्यांच्याकडे होता तो लँड कॉन्ट्रॅक्ट. या व्यवहारात पूर्ण पैसे फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याच्या नावावर राहते, पण दुरुस्ती आणि बहुधा करही घेणाऱ्याच्या गळ्यात असतो. बँका इतक्या स्वस्त घरांसाठी गृहकर्ज देण्यास सहसा राजी नसतात. त्याआधीच्या पिढ्यांना तर १९३० च्या दशकापासून सरकारी नकाशांवर लाल रंगवलेल्या वस्तीत राहतात म्हणूनच कर्ज नाकारले जात असे. एट माईल रोडजवळ १९४१ मध्ये एका विकासकाने कृष्णवर्णीय वस्ती आणि आपली नवी घरे यांच्यामध्ये सुमारे अर्धा मैल लांबीची भिंत बांधली, तेव्हा कुठे त्याच्या गोऱ्या ग्राहकांच्या कर्जांना सरकारी हमी मिळाली. ती भिंत आजही उभी आहे. घर घेण्याचा सरळ मार्ग बंद असला की माणसे जो मिळेल तो मार्ग धरतात. बाईंचा कागद एका पानाचा होता, त्यावर नोटरीचा शिक्का नव्हता आणि त्याची नोंदणी झालेली नव्हती. आपल्याकडे नोंदणी न केलेल्या साठेखतावर विसंबून घरात राहणाऱ्या माणसाची जी अवस्था होते, तीच त्यांची होती.

येथे न्यूजरूममध्ये वाद झाला. तरुण बातमीदाराचे म्हणणे असे की ही बातमी आजच, मुदत संपण्यापूर्वी, बाईंच्या नावानिशी द्यावी, म्हणजे काउंटीवर दबाव येईल. काकांना बातमीशी देणेघेणे नव्हते. ते गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन उभे होते. संपादिकांनी दोघांनाही थांबवले. आमचा नियम असा की आम्ही माहिती देतो, सल्ला देत नाही, कोणाचा अर्ज भरत नाही आणि कोणाचे पैसे भरत नाही, कारण ज्या दिवशी आम्ही एकाचा अर्ज भरू त्या दिवशी बाकीच्या शेकडो जणांना आम्ही काय सांगणार? पण बाईंना रांगेत एकटे उभे करणेही त्यांना पटत नव्हते. शेवटी त्या म्हणाल्या, ‘बातमी थांबेल. आधी त्यांना कचेरीत जाऊ द्या. तू त्यांच्याबरोबर जा, पण नोंदवही घेऊन जा. खिडकीवर लोकांना काय सांगितले जाते ते आपल्याला लिहायचेच आहे.’ त्यातले ‘तू’ मला उद्देशून होते. पत्रकाराची तटस्थता म्हणजे हाताची घडी घालून बाजूला उभे राहणे, असे मानणाऱ्यांना ही पळवाट वाटेल. मला ती वाटत नाही, कारण कचेरीत पुढे जे पाहिले ते टेबलाशी बसून कोणत्याही यादीत दिसले नसते.

मन्रो स्ट्रीटवरच्या काउंटी ट्रेझररच्या, म्हणजे खजिनदाराच्या, कचेरीत शेवटच्या आठवड्याची रांग असते. काखेत कागदांची पाकिटे धरलेली माणसे, बरोबर आणलेली लहान मुले, कामाच्या गणवेशातच आलेल्या परिचारिका. बाई नीट इस्त्री केलेला कोट आणि टोपी घालून आल्या होत्या. खिडकीवरच्या कर्मचारी सौजन्याने वागल्या, पण त्यांच्या पडद्यावर मालक म्हणून कंपनी होती, आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्यांसाठीची हप्त्यांची योजना, ज्यात व्याज १८ वरून ६ टक्क्यांवर येई, ती घरावर आपला हक्क दाखवल्याशिवाय मिळत नसे. हक्क दाखवायचा तर दस्तनोंदणी कार्यालय त्याच इमारतीत आहे. तेथे गेलो, तर नोटरीशिवाय कागद नोंदवता येणार नाही असे कळले. विकणाऱ्याची सही नोटरीपुढे हवी, आणि विकणाऱ्याचा फोन लागत नव्हता.

युनायटेड कम्युनिटी हाउसिंग कोअलिशन ही संस्था अशा घरमालकांना आणि भाडेकरूंना विनामूल्य मदत करते. तिचा क्रमांक आमच्या प्रत्येक उत्तरात असतो. बाईंनी स्वतः फोन लावला, पलीकडच्या माणसाला तोच प्रसंग पुन्हा पहिल्यापासून सांगितला, आणि विकणाऱ्याच्या सहीवाचून स्वतःच्या हक्काचे प्रतिज्ञापत्र करून ते नोंदवण्याचा मार्ग त्यांना तेथे मिळाला. हे सर्व करण्यात दुपार सरली. मी नोंदवहीत एवढेच लिहीत होते की कोणत्या खिडकीवर कोणती माहिती मिळाली आणि कोणती विचारल्याखेरीज कोणी दिली नाही. उत्पन्न कमी असलेल्या घरमालकाला ‘होप’ नावाच्या योजनेखाली मालमत्ता कर अंशतः किंवा पूर्ण माफ होतो, आणि ती माफी मिळाली की २०२० च्या कायद्यानुसार जुन्या थकबाकीवरचे व्याज आणि दंडही तेव्हा उतरत, हे त्या बाईंना इतक्या वर्षांत कोणीच सांगितले नव्हते. माफीचा अर्जही वेगळ्या ठिकाणी, म्हणजे महापालिकेकडे, करावा लागतो.

वाट पाहताना बाईंनी मला सहज विचारले, ‘तुमचा पगार कोण देतो?’ मी सांगितले की काही प्रतिष्ठाने अनुदान देतात, काही वाचक देणग्या देतात, आम्ही जाहिराती घेत नाही, आणि करमुक्त संस्था असल्यामुळे निवडणुकीत कोणा उमेदवाराची तळी उचलण्यास आम्हाला कायद्याने मनाई आहे. त्यांनी ऐकून घेतले. ‘म्हणजे त्या प्रतिष्ठानांनी उद्या हात आखडला, की तुमचंही माझ्यासारखंच,’ त्या म्हणाल्या. यावर माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते. आमच्यासारख्या बहुतेक संस्थांची स्थिती तीच आहे. मेम्फिसमध्ये वेंडी थॉमस यांनी २०१७ मध्ये उभे केलेले ‘एमएलके५०’ घ्या, किंवा २०२२ मध्ये लॉरेन विल्यम्स आणि अकोटो ओफोरी-आट्टा यांनी सुरू केलेले, अटलांटाहून पुढे इंडियानातल्या गॅरी शहरात पोहोचलेले ‘कॅपिटल बी’ घ्या. त्यांचे काम नावाजले गेले, तरी अनुदानाचे पत्र येईपर्यंत पुढच्या वर्षाचा हिशेब बांधता येत नाही. ‘एमएलके५०’ने प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेबरोबर २०१९ मध्ये दाखवून दिले की शहरातले एक मोठे ना-नफा रुग्णालय गरीब रुग्णांवर बिलांसाठी खटले भरत होते, आणि त्यानंतर त्या रुग्णालयाने हजारो रुग्णांची कर्जे माफ केली. इतके मोठे परिणाम घडवणाऱ्या न्यूजरूमला स्वतःचे भाडे भरण्याची चिंता असावी, यात मला काही उदात्त वाटत नाही. ही व्यवस्थेतली उणीव आहे, आणि ती बाईंनी एका वाक्यात ओळखली.

कचेरी बंद होण्यापूर्वी बाईंचा पहिला हप्ता स्वीकारला गेला आणि त्या वर्षीच्या जप्तीतून घर बाहेर पडले. पावती त्यांनी दोनदा वाचली, खिडकीवर परत जाऊन तारीख स्पष्ट नाही म्हणून दुसरी छापून घेतली.

संध्याकाळी मी न्यूजरूममध्ये परतले आणि त्या कंपनीचा टपालाचा पत्ता काउंटीच्या संपूर्ण यादीत शोधला. नावे वेगवेगळी होती, पत्ता एकच होता. एकाच टपालपेटीच्या आडून अनेक कंपन्या, आणि त्यांच्या नावावरची घरे शहराच्या पूर्व-पश्चिम दोन्ही भागांत पसरलेली, त्यांतली पुष्कळ थकबाकीत. तरुण बातमीदार माझ्या खुर्चीमागे उभा राहून यादी वाचत होता, आणि सकाळची बातमी सकाळीच दिली असती तर आपल्याला एकच घर दिसले असते, हे कोणी बोलून दाखवण्याची गरज राहिली नाही. काकांनी त्या पत्त्यांवर राहणाऱ्यांना फोन करायला सुरुवात केली. अनेकांना हप्त्यातच कर आला असे सांगितलेले होते.

त्या चौकशीचा लेख व्हायला पुढे बरेच महिने लागले. प्रसिद्ध होण्यापूर्वी बाईंचे म्हणणे जसेच्या तसे त्यांना वाचून दाखवले गेले; त्यांनी एक वाक्य काढायला सांगितले, घराचे छायाचित्र छापू नका म्हणाल्या, आणि विकणाऱ्याविषयीचा आपला एक शेरा आम्ही सौम्य केला होता तो मूळचा तसाच ठेवायला लावला. संपादिकांनी तिन्ही गोष्टी मान्य केल्या.

आमच्या उत्तरांच्या मसुद्यातही त्यानंतर दोन बदल झाले. कंपनीच्या नावावर असलेल्या घराबद्दल कोणी विचारले, तर आता ‘आपण भाडेकरू आहात का?’ यापुढे ‘की हप्त्याने घर घेत आहात?’ असा प्रश्न असतो, आणि कर नक्की कोण भरतो याची पावती मागून घ्या, असे एक वाक्य असते. दुसरा बदल काकांनी सुचवला. मार्चमध्ये लोकांनी विचारण्याची वाट न पाहता, ज्यांचे पत्ते आमच्याकडे आधीच आहेत त्यांना आम्ही जानेवारीतच संदेश पाठवतो.