भिगवणच्या चिखलात नीरब्राह्मी

आज भिगवणला सगळ्यांच्या दुर्बिणी रोहित पक्ष्यांकडे (फ्लेमिंगोंकडे) होत्या. मी उजनी धरणाच्या पाण्याच्या काठावर भिंग घेऊन नीरब्राह्मी ही इवलीशी वनस्पती बघत बसले. पाणी ओसरलेल्या चिखलावर ती पसरते, पेरापेराला मुळं धरते. पानं समोरासमोर, मांसल, टोकाला गोलसर.

तशीच सरपटणारी जलपिंपळीही ओल्या काठांवर असते, पण तिच्या पानांना टोकाकडे दाते असतात आणि इवलाली फुलं गोंड्यात दाटलेली असतात. नीरब्राह्मीचं फूल एकेकटं, पानाच्या बगलेतून बारीक देठावर येतं. जेमतेम १ सेंटिमीटर! ५ पाकळ्या, पांढऱ्यावर फिकट जांभळी झाक, ४ पुंकेसर. किती देखणं असावं एखाद्यानं!

पान कडू लागतं, ही जुनी खूण. पण उजनीचं पाणी प्रदूषित आहे, तिथलं चाखू नका.