वाळवंटातली हिरवळ निवडताना: स्कॉट्सडेलचे पाच दिवस

छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या गल्लीत एखादा निवृत्त अभियंता गोल्फची काठी घेऊन अंगणात उभा राहिला की शेजारीपाजारी दोन प्रश्न हमखास विचारतात: हा खेळ श्रीमंतांचा ना, आणि यात पळायचेच नसते तर माणूस दमतो कशाने? मी पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षे काढली. त्यातली चार पुण्यात गेली आणि तेथे एका वरिष्ठांच्या आग्रहामुळे येरवड्याच्या मैदानावर हा खेळ शिकलो. आता अंगणात जाळी बांधून सराव करतो आणि वर्षातून दोन-तीनदा पुण्याला जाऊन खरे खेळून येतो. आमचे इवाई लातूरचे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना हा नाद हैदराबादेतील बदलीच्या काळात लागला. व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात, आणि इवायांशी जपून बोलावे लागते. परंतु गोल्फमुळे आमच्यातील ते अवघडलेपण कधीच गळून पडले आहे.

माझा मुलगा आणि त्यांची मुलगी अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील चँडलर या गावी राहतात. यंदा दिवाळी आटोपून आम्ही दोघे सपत्नीक तेथे गेलो, तेव्हा मुलांनी आम्हांला शेजारच्या स्कॉट्सडेलमधील एका रिसॉर्टमध्ये पाच दिवसांची खोली भेट म्हणून दिली. त्या पॅकेजमध्ये रिसॉर्टशी जोडलेल्या मैदानावरच्या दोन फेऱ्या होत्या. उरलेल्या तीन फेऱ्या कोठे खेळायच्या ते आम्ही ठरवायचे होते. फीनिक्स आणि स्कॉट्सडेलच्या परिसरात मैदाने इतकी आहेत की नुसती नावे वाचतानाच डोळे थकतात, आणि प्रत्येक जाहिरातीत तोच निवडुंग, तोच सूर्यास्त आणि तेच चकचकीत ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीचे बारीक कापलेले गवत, असते.

निवडीची सुरुवात निघण्यापूर्वीच आमच्या ओसरीवर झाली होती. मी नकाशा पसरून बसलो होतो तेव्हा इवायांनी विचारले, “अहो, वाळवंटात एवढे गवत राखायचे म्हणजे ते पाणी आणतात कोठून?” २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहराचा माणूस हा प्रश्न पहिल्यांदा विचारणार, यात नवल नव्हते. मलाही तो खात्याच्या सवयीमुळे सुचायलाच हवा होता. त्याचे उत्तर शोधता शोधता मैदान निवडण्याची एक पद्धत हाती आली, आणि ती पुढे बव्हंशी खरी ठरली.

फीनिक्सला वर्षाकाठी साधारण १८० मिलिमीटर पाऊस पडतो. इतक्या पावसावर आपल्याकडे ज्वारीचे ताटही उभे राहणार नाही. ॲरिझोनाने १९८० मध्ये भूजल व्यवस्थापनाचा कायदा केला आणि त्याखालील नियमांनुसार १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर बांधलेल्या अठरा होलच्या, म्हणजे चेंडू भोकापर्यंत न्यायच्या अठरा टप्प्यांच्या, मैदानाला साधारण ९० एकर गवताला पुरेल एवढेच पाणी मंजूर होऊ लागले. जुन्या पद्धतीच्या मैदानावर याहून बरेच अधिक गवत असते. त्यामुळे नंतरच्या मैदानांत टीजवळ, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेजवळ, गवताचा एक तुकडा, चेंडू पडावा तेथे दुसरा, ग्रीनभोवती तिसरा आणि मध्ये मोकळे वाळवंट, अशी रचना आली. खेळणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे: चेंडू जमिनीवरून घरंगळत पुढे नेण्याची सोय राहत नाही, तो हवेतूनच पलीकडे जावा लागतो. पासष्टी ओलांडलेल्या आमच्यासारख्यांनी म्हणूनच मैदानाची एकूण लांबी पाहण्यापेक्षा आपण खेळणार त्या टीपासून गवतापर्यंत किती यार्ड उडवावे लागतात हे आधी विचारावे. पुढच्या, म्हणजे भोकाला अधिक जवळच्या, टीवरून खेळण्यात कमीपणा मानणारा माणूस वाळवंटात एका फेरीत डझनभर चेंडू घालवतो. इवाई पहिल्या दिवशी तसे मानत होते.

दुसरी चौकशी बियाण्याची. तेथील उन्हाळी गवत बर्म्युडा जातीचे असते आणि थंडी पडू लागली की ते पिवळे पडून झोपी जाते. पर्यटकांना मात्र जानेवारीतही हिरवे मैदान हवे असते, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मैदान काही आठवडे बंद ठेवून त्यावर राय गवताचे बी पेरतात. उगवणीच्या काळात त्याला भरपूर पाणी द्यावे लागते. मैदान पुन्हा उघडल्यावरही काही दिवस खेळाडूंच्या छोट्या गाड्या गवतावर नेऊ देत नाहीत, त्या डांबरी वाटेवरच ठेवून प्रत्येक फटक्यासाठी आडवे चालत जावे लागते. नोव्हेंबरच्या पूर्वार्धात जाणाऱ्याने “पेरणी कधी झाली आणि गाडी गवतावर नेता येते का” एवढे दूरध्वनीवर विचारले तरी निम्मी फसगत टळते. आम्ही ते रिसॉर्टच्या मैदानाबाबत विचारले नाही, कारण ती फेरी फुकट आहे असे आम्हांला वाटत होते.

त्या मैदानाचे नाव घेत नाही. पहिल्या सकाळी तेथे गेलो तेव्हा गाड्या वाटेवरच ठेवायच्या अशी पाटी होती, कोवळे राय गवत भाताच्या रोपांसारखे ओले होते आणि आमच्या पुढे दर आठ मिनिटांनी चार खेळाडूंची एक चौकडी सोडलेली होती. दोन्ही बाजूंना घरांच्या रांगा होत्या. तिसऱ्या होलवर माझा चेंडू कोणाच्या तरी पोहण्याच्या तलावात गेला आणि व्हरांड्यात चहा घेणाऱ्या बाईंनी अंगवळणी पडल्यासारखा हात हलवला. फेरीला साडेपाच तास लागले. मैदान वाईट नव्हते. ते हैदराबादेत असते तरी चालले असते, आणि हीच माझी त्याच्याविषयीची तक्रार आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही फीनिक्स महापालिकेचे पापागो मैदान निवडले. तांबड्या वालुकाश्माच्या गोल, भोके पडलेल्या टेकड्यांच्या पायथ्याशी ते १९६३ पासून आहे आणि त्याची आखणी विल्यम बेल यांनी केली. कॅलिफोर्नियातील टोरी पाइन्स या मैदानाची आखणी करणारे ते हेच. मैदान कायद्याच्या आधीचे असल्याने गवत ऐसपैस, झाडे मोठी आणि चेंडू घरंगळायला जागा भरपूर. स्थानिक रहिवाशांना फी कमी आणि बाहेरच्यांना अधिक असते, तरीही आम्ही पुढे भरलेल्या सर्वांत महागड्या फीच्या निम्म्याहूनही ती कमी पडली. आमच्यासोबत दोन निवृत्त गृहस्थ खेळले, जे दर आठवड्याला येथे पायी खेळतात. त्यांच्याकडून कळले की दुपारनंतरची सवलतीची वेळ नोव्हेंबरात फसवी असते, कारण साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. पाण्याच्या दृष्टीने पाहिले तर मला या मैदानाची बाजू घेता येणार नाही. खेळाच्या दृष्टीने मी तेथे उद्याही जाईन.

तिसरा दिवस इवायांचा. दूरचित्रवाणीवर फीनिक्स ओपन ही गोल्फस्पर्धा पाहिलेल्या प्रत्येकाला टीपीसी स्कॉट्सडेलच्या स्टेडियम कोर्स या मैदानाचा सोळावा होल ठाऊक असतो, आणि तो खेळल्याशिवाय लातूरला परतणार नाही, असे त्यांनी जाहीर केले होते. टॉम वाइसकॉफ आणि जे मॉरिश यांनी आखलेले हे मैदान १९८६ चे असून पुढच्याच वर्षापासून ही स्पर्धा येथे होते. फी माणशी तीनशे डॉलरच्या वर गेली. तिचे रुपये करून पाहिल्यावर आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.

मला मात्र त्या मैदानाच्या जागेत अधिक रस होता. कोलोरॅडो नदीचे पाणी लेक हवासूपासून टूसॉनच्या दक्षिणेपर्यंत सुमारे ५४० किलोमीटर वाहून नेणारा सेंट्रल ॲरिझोना प्रकल्पाचा कालवा शेजारून जातो. जायकवाडीचा डावा कालवा २०८ आणि उजवा १३२ किलोमीटर लांब असून त्यांतले पाणी उताराने आपोआप वाहते. येथे ते वाटेत पंपांनी पाऊण किलोमीटरहून अधिक उंच चढवावे लागते. वरच्या डोंगरांतून अचानक येणाऱ्या पुराने हा कालवा फुटू नये म्हणून त्याच्या चढाच्या बाजूला लांबलचक बांध घातला आहे आणि त्या बांधामागे पूर साठण्यासाठी राखलेल्या केंद्र सरकारच्या जमिनीवर हे मैदान आहे. पूर नसताना पडून राहणारी जमीन कोणी अशी वापरली, हे पाहून मला त्या आखणीविषयी आदर वाटला. २०२२ पासून कोलोरॅडोच्या टंचाईमुळे या कालव्याच्या वाट्याला कपात आली आहे, हेही तेथे उभे राहून आठवल्याशिवाय राहत नाही.

सोळाव्या होलभोवती स्पर्धेची प्रेक्षागारे उभारण्याचे काम सुरू झाले होते. साधारण १६० यार्डांचा हा पार तीनचा, म्हणजे तीन फटक्यांत पुरा व्हावा असा, होल. १९९७ मध्ये टायगर वुड्स यांनी येथे एका फटक्यात चेंडू भोकात घातला तेव्हा प्रेक्षकांनी बिअरचे पेले मैदानात फेकले होते. आमच्या वेळी वरच्या पायऱ्यांवर चार कामगार डबे उघडून जेवत होते. इवायांचा चेंडू बंकरात, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, गेला, तेथून ग्रीनच्या पलीकडे आणि तेथून पुन्हा बंकरात. सातव्या फटक्याला चेंडू आत पडला तेव्हा कामगारांपैकी एकाने टाळ्या वाजवल्या आणि इवायांनी टोपी काढून त्याला अभिवादन केले. उरलेले मैदान चांगले आहे, शेवटचे तीन-चार होल तर उत्कृष्ट. तरीही एवढे पैसे आम्ही त्या एका प्रसंगासाठी दिले, असेच मी म्हणेन.

चौथ्या दिवशी मात्र ज्यासाठी एवढा प्रवास करावा असे मैदान सापडले. स्कॉट्सडेलच्या पूर्वेला फोर्ट मॅकडॉवेल यावापाई या मूलनिवासी जमातीची भूमी आहे आणि तेथे वी-को-पा नावाची दोन मैदाने आहेत: २००१ मधले चोया आणि २००६ मधले सवारो. वी-को-पा हे समोर दिसणाऱ्या चार शिखरांच्या डोंगराचे यावापाई नाव. आम्ही सवारो निवडले ते दोन कारणांनी. बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी ते पायी खेळता यावे अशा बेताने आखले आहे, म्हणजे एका ग्रीनपासून पुढची टी हाकेच्या अंतरावर असते. आणि मैदानाभोवती एकही घर नाही. पहिल्या टीवर उभे राहिले की हिरव्या पट्ट्याच्या कडेला लगेच खरे वाळवंट सुरू होते.

ते वाळवंट म्हणजे नुसती वाळू अशी कल्पना करून गेलो होतो, ती चुकीची ठरली. मुरमाड जमीन, ओढ्यांच्या कोरड्या घळी, काटेरी झुडपे, हे सारे मला बीडकडच्या बालाघाटाच्या उतारांची आठवण देणारे होते. मेस्किट नावाचे झाड पाहून तर मी थबकलोच. आपल्याकडे बांधाबांधांवर माजलेली वेडी बाभूळ याच कुळातली. आपल्याला नकोशा झालेल्या त्या बाभळीचे हे भावंड येथे आपल्या घरी शोभून दिसते. सवारो निवडुंगाला पहिला हात फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात आणि त्याला इजा करणे राज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून त्याच्या बुंध्याशी चेंडू अडकला तर चेंडूच सोडायचा. चोया निवडुंगाचे गोळे नुसत्या स्पर्शाने अंगाला चिकटतात. ते हाताने न उपटता कंगव्याने उडवायचे असतात, हे विहीणबाईंनी वाचून ठेवले होते आणि कंगवाही दिला होता. तो माझ्या पोटरीवर दोनदा चालला. सापांच्या भीतीने झुडपांत चेंडू शोधायला जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

मैदानाच्या आखणीत एक समजूतदारपणा आहे. वाळवंट ओलांडून मारायचे फटके आहेत, परंतु जेथे दुर्बळ खेळाडू चुकेल त्या बाजूला फेअरवे, म्हणजे मधला गवताचा पट्टा, रुंद ठेवला आहे, आणि ग्रीनच्या तोंडाशी बहुतेक ठिकाणी चेंडू घरंगळत जाऊ शकेल अशी उघडी वाट आहे. इवायांनी येथे निमूटपणे पुढची टी घेतली आणि नऊ होलमध्ये एकच चेंडू हरवला. मध्यंतरी बाकावर बसून आम्ही घरून आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

या भूमीची एक गोष्ट मुलाने आदल्या रात्री सांगितली होती. ज्या प्रकल्पाचा कालवा मी आदल्या दिवशी कौतुकाने पाहिला, त्याच प्रकल्पात सॉल्ट आणि व्हर्दे नद्यांच्या संगमावर ऑर्म नावाचे धरण योजले होते आणि त्याच्या पाण्याखाली यावापाईंच्या जमिनीचा मोठा भाग जाणार होता. जमातीने पैसे नाकारले, १९८१ च्या सप्टेंबरात तीन दिवस चालत फीनिक्स गाठले आणि नोव्हेंबरात धरणाचा बेत सोडून देण्यात आला. आजही दर नोव्हेंबरात तेथे विजयाचा उत्सव होतो. माझे आजोळ नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, गेले. १९६५ च्या पायाभरणीनंतर मोजणीवाले गावात आले तेव्हा आजोबांनी त्यांना ताक पाजले होते, असे आई सांगे. त्याच धरणाच्या कालव्यांवर मी आयुष्यभर पगार घेतला. बाराव्या होलच्या टीवर मी हे इवायांना सांगितले, तेव्हा ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “मारा आता, मागचे लोक आले.”

पाचव्या दिवशी रिसॉर्टच्या पॅकेजातली दुसरी फेरी शिल्लक होती, सकाळी साडेनऊची. न्याहारीच्या वेळी आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि ती सोडून दिली. सवारोवर दुपारी सव्वाची वेळ मिळाली, तीही सवलतीच्या दरात. पापागोवरच्या गृहस्थांचा इशारा लक्षात होता, तरी गेलो. चार शिखरे जांभळी होऊ लागली तेव्हा आम्ही सोळाव्या ग्रीनवर होतो, आणि सतराव्या टीवरून मारलेला इवायांचा चेंडू कोठे पडला ते आम्हांला दोघांनाही दिसले नाही.