पाण्यावरची रेघ

टोपी घालून संस्थेत शिरलेले पुष्कळ लोक आपण पाहिलेले असतात. टोपी ओलांडून शिरणारे मला एकाच ठिकाणी भेटले: एडिंबरोच्या स्केटिंग क्लबात. गोष्ट अठराव्या शतकातली. जगातला सर्वांत जुना स्केटिंग क्लब म्हणून त्याचं नाव घेतात. सभासद व्हायचं तर आधी एकेका पायावर पूर्ण वर्तुळ काढून दाखवायचं आणि मग बर्फावर ठेवलेल्या टोप्यांवरून उडी मारायची. पहिल्यांदा एक टोपी, मग दोन, मग तीन. त्या टोप्या परीक्षकांच्या नसणार, एवढं मी पैजेवर सांगतो.

मला स्वतःला स्केटिंग येत नाही. एकदाच ते बूट घोट्यापर्यंत करकचून बांधले आणि कठडा धरून उभा राहिलो. पातं सुरीसारखं असतं हा माझा समज तिथेच मोडला. पात्याच्या तळाला लांबीभर एक खोबण असते, त्यामुळे धारा दोन होतात, आतली आणि बाहेरची. चांगला स्केटर दोन्ही धारांवर सरळ असा फारसा उभाच राहत नाही. कायम कुठल्या तरी एका धारेवर कललेला असतो, म्हणून तर त्याची वाट वळत जाते. मी मात्र निष्ठेने दोन्ही धारांवर होतो. थोड्या वेळाने तर पायांवरही नव्हतो.

तेव्हापासून मी बर्फावर जात नाही, बर्फावर जाणाऱ्यांच्या क्लबांचा इतिहास वाचतो. त्यात हाडं मोडत नाहीत आणि गमती पुष्कळ सापडतात. फिलाडेल्फियाचा क्लब १८४९चा. तेव्हा नदी गोठली की स्केटिंग, आणि नदी कुठे किती गोठली आहे हे नदीलाच ठाऊक. म्हणून सभासदाने दोरीचं रीळ जवळ बाळगायचं. कोणी बर्फ फुटून आत गेलाच तर ओढून काढायला. पुढे १८६१मध्ये हा क्लब जीव वाचवणाऱ्या एका संस्थेशी जोडला गेला, आणि ‘ह्यूमेन सोसायटी’ हे शब्द त्याच्या नावात आजही आहेत. लंडनच्या १८३०च्या क्लबातली मंडळी त्या मानाने निवांत. बर्फावर मधोमध एक संत्रं ठेवायचं आणि चौघा-सहांनी मिळून त्याच्याभोवती एकाच तालात वळणं काढायची. हात अंगाशी, मान ताठ, चेहऱ्यावर भाव असा नाहीच. अमेरिकेचा जॅक्सन हेन्स संगीतावर नाचत स्केटिंग करायला लागला तेव्हा त्याला डोक्यावर घेतलं ते व्हिएन्नाने, यात नवल नाही. संत्र्याशी एकनिष्ठ असलेल्यांना ते कसं रुचावं?

स्त्रियांची गोष्ट तर आणखी मजेची. १९०२च्या जागतिक स्पर्धेत मॅज सायर्स नावाच्या इंग्लिश बाईंनी नाव दिलं. बायकांनी खेळू नये असं नियमात लिहिलेलंच नव्हतं, कारण कोणी असं करील हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बाई दुसऱ्या आल्या. मग मात्र नियम झाला, आणि कारणांत एक कारण हे की लांब झग्यामुळे परीक्षकांना पाय दिसत नाहीत! बाईंनी झगा पोटरीपर्यंत आणला. स्त्रियांची वेगळी स्पर्धा १९०६मध्ये सुरू झाली, ती त्यांनीच जिंकली.

पाय दिसणं एवढं महत्त्वाचं का, तर त्या काळी खरी परीक्षा रेघेची होती. फिगर म्हणजे आकृती. इंग्रजी आठचा आकडा आणि त्याचे नाना अवतार एका पायावर काढायचे आणि मग त्याच रेघेवरून पुन्हा जायचं, पुन्हा जायचं. तीन रेघांची एकच रेघ दिसली पाहिजे. त्यासाठी क्लब भल्या पहाटे बर्फ पट्ट्यापट्ट्यांत वाटून देत. त्या पट्टीला ‘पॅच’ म्हणत. एक पोर, एक पॅच. संगीत नाही, गप्पा नाहीत, फक्त धारेची बारीक खरखर. आठ पुरा झाला की पोर थांबायची, वाकायची, गुडघ्यांवर हात ठेवून आपलीच रेघ निरखायची. जिथे दोन रेघांमध्ये बोटभर फट पडली तिथे काल रात्री न झालेली झोप दिसायची. स्पर्धेतले परीक्षकही असेच ओणवे होऊन बघत.

हे टीव्हीवर काय दिसणार, कपाळ? १९७२च्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाची बिआट्रिक्स शूबा मुक्त स्केटिंगमध्ये, म्हणजे संगीतावरच्या उड्या-गिरक्यांत, सातवी आली आणि सुवर्णपदक घेऊन गेली, कारण आकृत्यांत तिचा हात, म्हणजे पाय, कोणी धरू शकलं नव्हतं. घरी बसून पाहणाऱ्यांना काही कळेना. आकृत्यांचं वजन कमी होत गेलं आणि १९९०नंतर त्या जागतिक स्पर्धांतून गेल्याच. खेळाचं नाव मात्र फिगर स्केटिंगच. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

क्लबांच्या इतिहासात एक पान असं येतं की तिथे गंमत संपते. १५ फेब्रुवारी १९६१ला ब्रसेल्सजवळ एक विमान कोसळलं. आतले सगळे ७२ जण गेले. अमेरिकेचा १८ स्केटरांचा अख्खा संघ त्यात होता. प्रागची जागतिक स्पर्धा रद्द झाली. १९१२पासून चालत आलेल्या बॉस्टनच्या क्लबाने त्यात आपली माणसं गमावली, आणि २९ जानेवारी २०२५ला वॉशिंग्टनच्या विमान अपघातात पुन्हा सहा. दोन मुलं, त्यांच्या आया, दोन प्रशिक्षक. मुलाला पहाटे उठवून बर्फावर नेणारी आई अशा यादीत असते, एवढ्यावरूनच क्लब म्हणजे काय ते मला कळलं.

बाकी या इतिहासाचा मूळ पुरावा रोज पुसलाच जातो. फ्रँक झांबोनीने १९४९मध्ये केलेलं ते यंत्र येतं, बर्फाचा पातळ थर खरवडतं, वर गरम पाणी पसरतं. गरम अशासाठी की वरचा थर जरा वितळून नवं पाणी एकजीव व्हावं. पाच वाजता उठून काढलेले सगळे आठ दहा-पंधरा मिनिटांत गडप. पाण्यावरची रेघ म्हणतात ती अक्षरशः हीच.

तरी काही हट्टी लोक असतातच. २०१५मध्ये अमेरिकेतल्या लेक प्लॅसिड गावी त्यांनी फक्त आकृत्यांची स्पर्धा भरवली, आणि रेघ स्वच्छ दिसावी म्हणून बर्फच काळा केला. काळ्या दगडावरची रेघ आपल्याला ठाऊक होती. ही काळ्या बर्फावरची, यंत्र येईपर्यंतची.