उशाजवळचा उजेड

उशाजवळ भिंतीला लावायचा दिवा घेताना मी आधी पाहतो, तो खोलीत अंधार किती राहू देतो. कापूस फुटला की आमच्या घरी नऊलाच निजानीज होते. सकाळी वेचणी असते. पुस्तक धरून बसलेला मी एकटाच. अशा वेळी वरची ट्यूब लावली की शेजारून आवाज येतोच, ''विझवा न जी तो लाईट! मले सकाळी वेचाले जाच हाये.'' मान वळणारा, लहान तोंडाचा, तीन वॅटचा एलईडी मात्र पानापुरता उजेड पाडतो आणि संसार टिकवतो. रोज तासभर वाचलं तरी वर्षाला जेमतेम एक युनिट जळतं, त्यामुळे बिलाच्या नावाने कोणाला बोलताही येत नाही.

तालुक्याच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला, ''पिवळा की पांढरा?'' पिवळा म्हटलं की दुकानदार जरा कीवेनेच पाहतो. आमच्याकडे पिवळा म्हणजे जुना साठचा बल्ब, व्होल्टेज पडलं की नुसती लाल तार दाखवणारा. पांढरा म्हणजे सुधारणा! तरी खोक्यावर ६५०० केल्विन असेल तर मी ते परत ठेवतो (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर) आणि २७०० ते ३००० मधलं मागतो. पांढऱ्या एलईडीच्या पोटात असते निळी चिप, वर पिवळ्या फॉस्फरचा लेप. त्या निळ्या एलईडीसाठी तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं, ते रास्तच. पण जास्तीचा निळा उजेड रात्री झोप लांबवतो.

दुकानातच दिवा लावून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघावा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो लुकलुकतो आहे, डोळ्यांना दिसत नसलं तरी. बटण दिव्यावरच हवं. उंची टेपाने ठरवू नये. उशीला टेकून, हातात पुस्तक घेऊन बसावं आणि वायरमनला खूण करायला सांगावं. दिवा खांद्याच्या थोडा वर, बाजूला, आणि त्याचा दाणा डोळ्यात न येणारा. भिंत मातीची असेल तर आधी लाकडाची गिट्टी ठोकून घ्यावी, नाहीतर दिवा पोपड्यासकट उशीवर येतो.

ओलिताचे पंप सुरू झाले की पूर्वी चोकवाली ट्यूब नुसती फडफडायची. चांगल्या ड्रायव्हरचा, म्हणजे आत वीज सांभाळणाऱ्या सर्किटचा, एलईडी कमी व्होल्टेजातही निमूट चालतो. लाईनच गेली तर इलाज नाही.

राहता राहिले किडे. निळसर उजेडावर ते जास्त येतात, पिवळ्यावर कमी. पण पावसाळ्यात कमी म्हणजेही पुष्कळच. शेतात प्रकाश सापळा लावतात, त्यात दिव्याखाली पाण्याचं घमेलं असतं. इथे घमेल्याच्या जागी माझं उघडं पुस्तक. परवा पानावरचे पतंग झटकत होतो, तर अंधारातून सल्ला आला, ''त्यापेक्षा पऱ्हाटीत नेऊन लावा न जी तो लाईट, बोंडअळीचे पतंग तरी मरतीन!''